विश्वसनीयतेची क्रमवारी आणि खारा वारा : मालवण किनारपट्टीच्या संदर्भात मोटार-सर्वेक्षणांची चिकित्सा

प्रास्ताविक

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने मोटार ही घराखालोखालची मोठी खरेदी असते. कर्जाचे हप्ते पाच-सात वर्षे चालतात आणि तेवढ्या काळात घरातील इतर अनेक खर्च या हप्त्यांच्या मागे रांगेत उभे राहतात. अशा खरेदीपूर्वी ग्राहकापुढे दोन प्रकारच्या साक्षी येतात. पहिली साक्ष सर्वेक्षणातून तयार झालेल्या क्रमवारीची. अमुक मोटार आपल्या गटात पहिली, तमुक तिसरी, असे ती सांगते. दुसरी साक्ष शेजारी, नातेवाईक, सहकारी आणि गॅरेजमधील मिस्त्री यांच्या अनुभवाची. या दोन साक्षी पुष्कळदा एकमेकींशी जुळत नाहीत. क्रमवारीत वरच्या स्थानावर असलेली गाडी किनाऱ्यावरील मालकाला पाचव्या पावसाळ्यात रडवते, तर क्रमवारीत कोठेही नाव नसलेली जुनी गाडी मासळीच्या पेट्या वाहत निमूट चालत राहते.

ही विसंगती दिसली की साधारणपणे दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींच्या मते सर्व क्रमवाऱ्या कंपन्यांच्या सोयीने तयार होतात. काहींच्या मते एकट्यादुकट्या मालकाच्या अनुभवाला शास्त्रीय किंमत नसते, म्हणून तो बाजूला ठेवावा. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिका अपुऱ्या मानल्या आहेत. सर्वेक्षणाची क्रमवारी बहुधा खोटी नसते. मात्र मालवणच्या ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाहून वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर ती देत असते. तो वेगळा प्रश्न कोणता, आणि त्याचे उत्तर आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्वीकारल्यास किनाऱ्यावरील माणसाचे नेमके काय नुकसान होते, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

विश्वसनीयता : संकल्पनेचे तीन घटक

अभियांत्रिकीमध्ये विश्वसनीयतेची व्याख्या काटेकोर आहे. एखादी वस्तू ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळपर्यंत, तिच्याकडून अपेक्षित असलेले कार्य न बिघडता पार पाडील, याची संभाव्यता म्हणजे विश्वसनीयता. या व्याख्येत परिस्थिती, काळ आणि कार्य हे तीन घटक आहेत. तिन्ही सांगितल्याशिवाय ‘ही गाडी विश्वसनीय आहे’ हे विधान पूर्ण होत नाही. कोठे विश्वसनीय, किती वर्षांपर्यंत विश्वसनीय आणि कशासाठी विश्वसनीय, हे प्रश्न शिल्लकच राहतात.

बोलीभाषेत यासाठी ‘भरवसा’ हा जुना शब्द आहे. ‘भरवशाची गाडी’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात एक विशिष्ट प्रसंग असतो. रात्री-अपरात्री, भर पावसात, घरातील आजारी माणसाला घेऊन निघायची वेळ आली तर ही गाडी सुरू होईल ना, हा तो प्रसंग होय. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हणही हेच सुचवते. जेथे अपेक्षा सर्वांत मोठी, तेथील निराशा सर्वांत जास्त बोचते. सर्वेक्षणे विश्वसनीयता मोजतात, ग्राहक मात्र भरवसा शोधत असतो. या दोहोंतील अंतर समजून घेण्यासाठी वरील तीन घटकांचाच आधार घेता येतो.

क्रमवारी कशी तयार होते

मोटारींच्या गुणवत्तेविषयीची माहिती जगभर मुख्यतः तीन मार्गांनी गोळा होते. पहिला मार्ग मालकांना प्रश्नावली देण्याचा. अमेरिकेत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या जे. डी. पॉवर या संस्थेने हा मार्ग लोकप्रिय केला. ‘दर १०० वाहनांमागे किती समस्या’ हे तिचे प्रमुख माप आहे. आकडा जितका कमी, तितके स्थान वरचे. १९३६ पासून ग्राहक-चळवळीत काम करणारी आणि जाहिराती न स्वीकारणारी कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्थादेखील आपल्या सभासदांकडून दरवर्षी लाखो वाहनांची माहिती घेते. दुसरा मार्ग रस्त्यावर बंद पडलेल्या वाहनांच्या नोंदींचा. जर्मनीतील आडाक हा मोटार-क्लब आपल्या मदतपथकांनी हाताळलेल्या बिघाडांवरून वार्षिक आकडेवारी काढतो. तिसरा मार्ग सक्तीच्या तांत्रिक तपासणीचा. जर्मनीत नव्या मोटारीची पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. तेथे आढळलेल्या दोषांचा अहवाल ट्यूफ या तपासणी-संस्थांकडून प्रसिद्ध होतो.

भारतात प्रामुख्याने पहिलाच मार्ग रुजला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जे. डी. पॉवरने येथे प्रारंभिक गुणवत्तेची सर्वेक्षणे केली. नवी गाडी घेऊन दोन ते सहा महिने झालेल्या मालकांना दोनशेहून अधिक लक्षणांविषयी त्यांत विचारले जाई. पुढे टिकाऊपणाच्या सर्वेक्षणांत खरेदीनंतरचा ३० ते ४२ महिन्यांचा काळ धरला गेला. ही पाहणी देशातील निवडक शहरांत होत असे. दुसरा मार्ग येथे सार्वजनिक स्वरूपात फारसा उपलब्ध नाही. तिसरा तर जवळजवळ बंदच आहे, कारण खासगी मोटारीला पहिली १५ वर्षे नियतकालिक तांत्रिक तपासणीची सक्ती नाही. परिणामी भारतीय ग्राहकापुढे येणारी क्रमवारी ही गाडीच्या तपासणीतून आलेली नसते. पहिल्या काही वर्षांत शहरी मालकाने आठवून दिलेल्या उत्तरांवर ती उभी असते.

सर्वेक्षण म्हणजे जनमत-कौल नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते. जानेवारी २०१४ मध्ये जर्मनीत उघड झालेले प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. आडाकने ‘आवडती मोटार’ निवडताना फोक्सवॅगन गोल्फला ३४,२९९ मते मिळाल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात ती ३,४०९ होती. नंतरच्या तपासणीत क्रमातही फेरफार झाल्याचे आढळले. ही लबाडी वाचकांच्या मतदानात झाली होती. त्याच संस्थेची बिघाडांची आकडेवारी हा वेगळा, नोंदींवर आधारलेला प्रकार आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र ‘सर्वोत्कृष्ट मोटार’ या एकाच शब्दाखाली आवड, समाधान, प्रारंभिक गुणवत्ता आणि टिकाऊपणा हे सारे एकत्र होते आणि वाचक त्या सर्वांचा अर्थ ‘भरवसा’ असा लावतो.

परिस्थिती : किनाऱ्याची हवा आणि कोकणचा रस्ता

व्याख्येतील पहिला घटक परिस्थितीचा. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या तालुक्यांची परिस्थिती पुणे किंवा नागपूरहून मूलतः भिन्न आहे. समुद्राच्या लाटा फुटताना हवेत उडालेले क्षारकण वाऱ्याबरोबर आत येतात आणि पत्र्यावर, चासीवर, विजेच्या जोडण्यांवर बसतात. मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच विरघळते आणि धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरील आर्द्रता ही मर्यादा दिवसेंदिवस ओलांडून असते. म्हणजे पाऊस न पडताही गाडी भिजलेलीच राहते. हवेच्या गंजकारकतेचे वर्गीकरण करणाऱ्या आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात शेवटच्या, सर्वाधिक तीव्र श्रेणी अशाच किनारी आणि सागरी हवेसाठी आहेत. क्षारांचे प्रमाण किनाऱ्यापासून आत जाताना वेगाने घटते. त्यामुळे देवबागच्या चिंचोळ्या भूपट्टीवर उभी राहणारी गाडी आणि कसालला महामार्गालगत उभी राहणारी गाडी एकाच जिल्ह्यात असूनही दोन वेगळ्या हवामानांत असतात.

किनाऱ्याला हे ज्ञान नवे नाही. लोखंडी खिळे टाळून काथ्याने फळ्या शिवण्याची पद्धत कोकण-गोव्याच्या होड्यांत होतीच. अलीकडच्या काळातही या हवेची आठवण राहावी असा प्रसंग मालवणात घडला. राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यापूर्वी काही दिवस सार्वजनिक बांधकाम विभागाने समुद्री वारे व पावसामुळे त्याच्या नट-बोल्टांना गंज चढल्याचे पत्राने कळविले होते. पुतळा कोसळण्याची कारणे हा स्वतंत्र तपासाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की या हवेत नट-बोल्ट गंजण्यास वर्षही लागत नाही.

मोटारीचे हाल याहून वेगळे नसतात. दरवाज्याच्या खालच्या कडेची पाणी निचरण्याची छिद्रे लाल मातीने बुजतात आणि पत्रा आतून सडतो. सायलेन्सर, ब्रेकचे पाइप, सस्पेन्शनचे नट, बॅटरीची टोके ही ठिकाणे आधी जातात. मासळी वाहणाऱ्या गाड्यांत बर्फाचे खारे पाणी हौद्यातून चासीवर ठिबकते. माडाखाली किंवा उघड्या खळ्यात उभी असलेली गाडी आणि मांगरात, छपराखाली ठेवलेली गाडी यांचे आयुष्य सारखे नसते. मुंबईकर चाकरमान्यांच्या ज्या गाड्या गावच्या घरी महिनोन् महिने बंद असतात, त्यांत उंदीर वायरी कुरतडतात आणि ब्रेक जागच्या जागी पकडून बसतात.

हवेच्या जोडीला रस्त्याचा आणि वापराच्या पद्धतीचा विचार करावा लागतो. फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेक व क्लचवर पडणारा ताण सपाटीवरील शहरात येत नाही. उलट मालवण बाजारपेठेतून दांडीपर्यंत किंवा चौक्यापर्यंतच्या रोजच्या छोट्या फेऱ्या आधुनिक डिझेल इंजिनाला मानवत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांमुळे डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर आला. त्यात साठलेली काजळी जळून जाण्यासाठी धुराचे तापमान बरेच वाढावे लागते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, एका वेगाने चालावी लागते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते घडत नाही आणि इशाऱ्याचा दिवा लागतो. यात गाडी सदोष नसते, तशी मालकाचीही चूक नसते. ज्या परिस्थितीसाठी गाडी आखली ती आणि ज्या परिस्थितीत ती चालते ती, या दोन वेगळ्या असतात. क्रमवारीच्या तक्त्यात या फरकाला रकाना नाही.

सरासरीत हरवणारा किनारा

किनाऱ्यावरील मालकांनाही सर्वेक्षणात घेतले तर प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. साधा हिशेब ही अपेक्षा फोल ठरवतो. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ म्हणजे देशाच्या सुमारे ०.०७ टक्के होती. समजा, ८,००० मालकांचे सर्वेक्षण लोकसंख्येच्या प्रमाणात केले, तर सिंधुदुर्गाच्या वाट्याला पाच-सहा मालक येतील. ते पन्नास-साठ प्रकारच्या गाड्यांत विभागले की एखाद्या गाडीविषयी या जिल्ह्यातून एकही उत्तर नसणे हेच संभवनीय ठरते. त्या पाच-सहांनी गंजाविषयी कितीही लिहिले तरी सरासरी हलणार नाही.

लहान नमुन्याचा आणखी एक परिणाम असतो. एखाद्या गाडीच्या १०० मालकांपैकी १० जणांनी एक बिघाड सांगितला, तर खरे प्रमाण सुमारे ४ ते १६ टक्के या पट्ट्यात कोठेही असू शकते. दोन गाड्यांमधील दोन-तीन टक्क्यांचा फरक अशा वेळी निव्वळ योगायोगाचा असू शकतो. क्रमवारीला मात्र बरोबरी आवडत नाही. पहिली, दुसरी, तिसरी अशी पायरी लावणे हेच तिचे काम असल्याने संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य अंतरही तिच्या तक्त्यात निर्णायक दिसते. उच्च शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीचा २०१६ पासूनचा अनुभव असलेल्या प्राध्यापकवर्गाला हे वेगळे सांगावयास नको. दोन स्थानांच्या फरकाचा अर्थ किती आणि त्यावर होणारी चर्चा किती, हे प्रमाण त्या वर्गाला परिचित आहे.

कायद्याची यंत्रणाही संख्येच्याच भाषेत बोलते. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने सदोष वाहने परत मागविण्याची तरतूद कलम ११०-अ द्वारे केली आणि तिचे नियम २०२१ मध्ये आले. एखाद्या प्रकारच्या वाहनाविषयी ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्यावर कार्यवाही सुरू होते. देशभर विकल्या जाणाऱ्या गाडीचा केवळ किनारपट्टीवर प्रकट होणारा दोष ती मर्यादा गाठेलच, याची शाश्वती नाही. वॉरंटीच्या पुस्तिकांत तर अनेकदा क्षार, आम्लवर्षा आणि तत्सम पर्यावरणीय कारणांनी झालेली हानी आधीच वगळलेली असते. जो बिघाड किनाऱ्याचा स्वाभाविक बिघाड आहे तो सरासरीत दिसत नाही, तक्रारींच्या संख्येत भरत नाही आणि करारात धरला जात नाही. तिन्ही ठिकाणांहून सुटलेला हा खर्च अखेर मालकाच्या खिशातून जातो.

काळ : पहिला मालक आणि पाचवा पावसाळा

व्याख्येतील दुसरा घटक काळाचा. सहा महिन्यांच्या गाडीत सापडणारे दोष हे मुख्यतः जोडणीचे असतात. काचेची खडखड, न बसणारे झाकण, फोनशी न जुळणारी ध्वनियंत्रणा हे त्यांतले. साडेतीन वर्षांपर्यंत काही यांत्रिक दोष डोके वर काढतात. गंजाचे चक्र मात्र संथ आहे. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत रंगाखाली लपलेला गंज पुढे फुगवटा होऊन वर येतो. विजेच्या जोडण्यांतील हिरवट थर एखाद्या सेन्सरला अधूनमधून चुकीचा संदेश देऊ लागतो आणि बिघाड ‘येतो-जातो’ स्वरूपाचा बनतो. हा प्रकार शोधायला सर्वांत कठीण असतो. तोवर सर्वेक्षण कधीच संपलेले असते.

सर्वेक्षण पहिल्या मालकाला विचारते. सिंधुदुर्गात मात्र मुंबई-पुण्यात काही वर्षे वापरलेली गाडी घेणारे कुटुंब ही अपवादात्मक गोष्ट नाही. अशा खरेदीदाराची स्थिती जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध लेखात वर्णिली आहे. विक्रेत्याला गाडीचा खरा इतिहास ठाऊक असतो, खरेदीदाराला तो नसतो. म्हणून चांगल्या गाडीलाही वाईटाचा भाव येतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून मागे घेतल्या जातात. माहितीच्या या विषमतेवरील कामासाठी अकरलॉफ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ज्याला माहितीची गरज सर्वाधिक, त्या दुसऱ्या मालकासाठी क्रमवारी मुळातच लिहिलेली नसते. नव्या गाडीची वरची श्रेणी जुन्या गाडीला चिकटवून विकली जाते, तेव्हा ती माहिती न राहता जाहिरात होते.

कार्य : बिघाड, दुरुस्ती आणि उपलब्धता

तिसरा घटक कार्याचा. ‘दर १०० वाहनांमागे समस्या’ या मापात प्रत्येक समस्येचे वजन एकच असते. अमेरिकेतील २०२४ च्या टिकाऊपणाच्या अभ्यासात तीन वर्षांच्या गाड्यांची सरासरी दर १०० वाहनांमागे १९० समस्या अशी होती आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा पडदा, ध्वनी व फोन-जोडणीच्या यंत्रणेचा होता. फोन न जुळणे ही एक समस्या आणि गिअर अडकून गाडी घाटात उभी राहणे हीदेखील एकच समस्या. कन्झ्युमर रिपोर्ट्स आपल्या मोजणीत गंभीर बिघाडांना अधिक वजन देते, हे तिचे श्रेय मान्य करावे लागेल. परंतु बिघाडानंतर गाडी किती दिवस उभी राहिली, हा प्रश्न या मापांतून सुटतोच.

अभियांत्रिकीत यासाठी ‘उपलब्धता’ ही वेगळी संकल्पना आहे. दोन बिघाडांमधील सरासरी काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ या दोन्हींवरून ती ठरते. उदाहरणादाखल दोन गाड्या कल्पाव्यात. पहिली वर्षातून एकदाच बिघडते, पण तिचा सुटा भाग बाहेरून येईपर्यंत ती २० दिवस उभी राहते. दुसरी वर्षातून चारदा बिघडते, पण दर वेळी एका दिवसात गावातच दुरुस्त होते. समस्यांच्या मोजणीत पहिली गाडी चौपट चांगली ठरेल. उपलब्धतेच्या मोजणीत पहिली वर्षातील सुमारे ९४.५ टक्के दिवस आणि दुसरी सुमारे ९८.९ टक्के दिवस हाताशी असेल. ज्या शहरात कंपनीचे सेवाकेंद्र जवळ असते आणि गाडी नसली तरी बस, लोकल, टॅक्सी असते, तेथे हा फरक किरकोळ वाटेल. मालवण शहराला रेल्वे स्थानक नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली गाठावे लागते. गंभीर रुग्णाला अनेकदा शंभराहून अधिक किलोमीटरवरील बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते. अशा ठिकाणी उभी असलेली गाडी ही केवळ गैरसोय राहत नाही.

परवाना-राजच्या काळातील ग्राहकाला हे उपजत ठाऊक होते. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर या गाड्या बिघडत नसत असे कोणी म्हणणार नाही. पण कार्ब्युरेटर रस्त्याच्या कडेला उघडून साफ करता येई आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ‘न बिघडणे’ ही अपेक्षा सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. हा बदल निःसंशय हितकारक होता. पुढे इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले, बिघाड कमी झाले, पण दुरुस्ती स्कॅनरच्या आणि कंपनीच्या केंद्राच्या हाती गेली. न बिघडण्याचा गुण वाढला आणि बिघडल्यावर सावरण्याचा गुण घटला. क्रमवारी यांपैकी पहिलाच गुण पाहते.

मालकाच्या अनुभवाच्या मर्यादा

वरील विवेचनावरून मालकाचा अनुभवच प्रमाण मानावा असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अनुभवकथनाचेही स्वतःचे दोष आहेत. पहिला दोष समर्थनाचा. मोठी रक्कम मोजून केलेली निवड चुकली हे मान्य करणे मनाला जड जाते. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या बोधात्मक विसंगतीच्या सिद्धान्तानुसार माणूस अशा वेळी निर्णय बदलण्याऐवजी मत बदलतो. ‘एवढे चालायचेच’ असे म्हणणारा मालक म्हणूनच पूर्ण साक्षीदार नसतो. दुसरा दोष टिकून राहिलेल्यांकडे पाहण्याचा. रस्त्यावर दिसणारी जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी पाहून ‘जुन्या गाड्या टिकत’ असे म्हटले जाते. भंगारात गेलेल्या त्याच वयाच्या गाड्या मात्र डोळ्यांसमोर नसतात. तिसरा दोष देखभालीतील फरक विसरण्याचा. पावसाळ्यात गोड्या पाण्याने गाडी खालून धुणारा, दरवर्षी गंजरोधक थर देणारा मालक आणि पर्यटकांना घेऊन पुळणीवर गाडी उतरवणारा मालक एकाच गाडीविषयी दोन टोकांची मते देतील आणि दोघेही ती मते गाडीच्या नावावर मांडतील. चौथा दोष मिस्त्रीच्या मताचा. त्याच्यापुढे बिघडलेल्याच गाड्या येतात आणि ज्या गाडीचे काम त्याला जमते, ती त्याला चांगली वाटणे स्वाभाविक आहे.

तरीही मालकांचा अनुभव वाया जातोच असे नाही. टाटा इंडिका हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. पुण्यात तयार झालेली ही गाडी १९९८ च्या अखेरीस बाजारात आली आणि पहिल्या ग्राहकांकडून तक्रारींचा ओघ सुरू झाला. त्या तक्रारी गोळा करून, तपासून, आराखड्यात दुरुस्त्या करण्यात आल्या आणि २००१ मध्ये सुधारित व्ही-२ आली. पुढे हीच गाडी टॅक्सीचालकांच्या पसंतीस उतरली. सुटे अनुभव एकत्र आणून त्यांची छाननी झाली, म्हणूनच ते परिणामकारक ठरले. विखुरलेली हळहळ आणि संकलित नोंद यांतील हा फरक या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

तिसऱ्या साक्षीची आवश्यकता

राष्ट्रीय क्रमवारी आणि व्यक्तिगत अनुभव यांच्यामध्ये स्थानिक नोंद ही तिसरी साक्ष उभी करता येणे शक्य आहे. तिचा नमुना दूर शोधावयास नको. राज्य परिवहन उपक्रमांत बसगाड्यांचे बिघाड दर १०,००० किलोमीटरमागे मोजण्याची पद्धत फार जुनी आहे. मालकाला काय वाटले, हे या मापात विचारलेले नसते. गाडी किती चालली आणि किती वेळा थांबली, एवढेच ते पाहते. एसटीला जे माप सुचले ते खासगी मोटारीला लावण्यास तत्त्वतः अडचण नाही.

गॅरेजमधील वह्यांत गाडीचा प्रकार, वर्ष, किलोमीटर आणि बदललेला भाग यांच्या नोंदी बहुधा असतातच. त्यांत गाडी समुद्रापासून किती अंतरावर असते, छपराखाली असते की उघड्यावर, कितवा मालक आहे, गाडी किती दिवस उभी राहिली आणि खर्च किती आला, या पाच रकान्यांची भर घातली तर आज कोणत्याही क्रमवारीत नसलेली माहिती तयार होईल. मालकाचे नाव नोंदवण्याची गरज नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वाणिज्य आणि संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन असा प्रकल्प काही वर्षे सातत्याने चालवणे किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे. ग्राहक आयोगापुढे जाणाऱ्या मालकालाही ‘माझी गाडी गंजली’ या एकाकी विधानापेक्षा ‘या अंतरावरील या प्रकारच्या इतक्या गाड्यांत इतक्या वर्षांत हा भाग गेला’ या नोंदीचा आधार अधिक उपयोगी पडेल.

निष्कर्ष

वरील चिकित्सेवरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मोटारींची सर्वेक्षणे सहसा पहिला मालक, पहिली काही वर्षे आणि शहरी सरासरी यांच्यापुरते उत्तर देतात. त्या मर्यादेत त्यांचा उपयोग आहे. जोडणीतील दोष आणि प्रारंभिक गुणवत्ता यांविषयी ती एकट्या मालकापेक्षा अधिक विश्वासार्ह आहेत.

२. विश्वसनीयतेच्या व्याख्येतील परिस्थिती, काळ आणि कार्य या तिन्ही घटकांबाबत मालवण किनाऱ्यावरील ग्राहकाचा प्रश्न क्रमवारीच्या प्रश्नाहून वेगळा आहे. खारी हवा, पाचव्या-सहाव्या वर्षानंतर प्रकट होणारा गंज आणि दुरुस्तीस लागणारे दिवस यांना क्रमवारीत स्थान नाही.

३. किनाऱ्याचा नमुना राष्ट्रीय सर्वेक्षणात वाढवूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण सरासरी काढताना त्याचे वेगळेपण पुसले जाते. स्वतंत्र स्थानिक नोंद हाच त्यावरील उपाय होय.

४. मालकांचे अनुभव समर्थन, निवडक दृष्टी आणि देखभालीतील फरक यांनी दूषित असतात. ते संकलित करून छाननी केल्याखेरीज पुराव्याचे रूप घेत नाहीत.

५. ग्राहकाने ‘पहिली कोणती’ असे विचारण्याऐवजी ‘समुद्रापासून एवढ्या अंतरावर, दहाव्या वर्षी, बिघडल्यास किती दिवसांत सुरू होईल’ असे विचारणे अधिक हिताचे आहे. या प्रश्नाचे उत्तर आज क्रमवारीत मिळत नाही. ते तालुक्यातील गॅरेजच्या वह्यांत विखुरलेले आहे आणि ते एकत्र मांडण्याची जबाबदारी येथील अभ्यासकांनी स्वीकारली तर ते मिळण्यासारखे आहे.